दगडू परबांचे सत्त्याण्णव

१

मंगळवारी सकाळी बरोबर अकरा वाजता दगडू परबांच्या घड्याळाने ऐरोलीला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला कळवलं, की वडिलांच्या रक्तातला ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे, काळजीचं कारण नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांना सांभाळणारी राधा मासळीची पिशवी घेऊन लालबागच्या त्या चाळीचे तीन मजले चढून आली, तेव्हा दगडू परब कॉटला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. ओठ निळे पडले होते आणि मान एका बाजूला कलंडली होती. घड्याळ मनगटावरच होतं.

राधाच्या हाकेला सगळ्यात आधी धावली ती दोन खोल्या पलीकडची कौसल्या गमरे. चौतीस वर्षं पालिकेच्या इस्पितळात सिस्टर म्हणून काढलेली बाई. पालिकेने तिला निवृत्त करून तेरा वर्षं झाली होती, चाळीने मात्र अजून केलं नव्हतं. तिने आपल्याकडचं बोटाला लावायचं चिमट्याचं यंत्र दगडूभाऊंच्या बोटाला लावलं. एकोणऐंशी.

"असं कसं?" राधा म्हणाली. "आत्ता जिन्यात मी फोन बघितला. त्यांच्या घरच्या ग्रुपवर सत्त्याण्णव आलंय."

कौसल्येला उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिने दगडूभाऊंना नीट टेकून बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली, कपाळावरचा घाम आपल्या पांढऱ्या रुमालाने पुसला. रुमालाला राखाडी डाग पडला. तोवर निम्मी चाळ गॅलरीत जमली होती. खांबाला धरून रामदास सावंत उभा होता, दगडूभाऊंचा गिरणीपासूनचा जोडीदार. गेल्या दिवाळीत त्याच्या छातीत पेसमेकर बसवला होता, म्हणून कौसल्येने त्याला आधी दरडावून खुर्चीत बसवलं. एका दिवसाला एक पेशंट पुरे होता.

संध्याकाळी परळच्या इस्पितळातून निरोप आला, की दगडूभाऊ वाचतील, पण तोंडावर मास्क आहे, बोलायचं नाही. आणि दगडूभाऊंचा मुलगा हितेंद्र इस्पितळातून तडक चाळीत कौसल्येकडे आला, तो रागाने लाल होऊनच.

"डॉक्टर काय म्हणाले माहितीये, मावशी? अशी अवस्था वीस मिनिटांत होत नाही. दहा-बारा दिवस रोज ओढाताण झालीय छातीची. आणि मला रोज सकाळी सत्त्याण्णव दिसतंय. म्हणजे घड्याळ बाबांच्या हातात नव्हतंच. ते हिच्या हातात होतं." त्याने राधाकडे बोट दाखवलं. "अलार्म वाजायला नको, कटकट नको. परवा गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मी तिच्या ब्युरोत कम्प्लेंट करणार."

राधा भिंतीला लागून उभी होती. पेशंट सांभाळणाऱ्या बाईचं नाव एकदा ब्युरोतून गेलं की मुंबईत कुणी तिला दारात उभं करत नाही. तिच्या दोन मुली सातवीत आणि नववीत होत्या.

२

बुधवारी सकाळी राधा कौसल्येच्या दारात आली. डोळे सुजलेले. "सिस्टर, मी घड्याळाला हात लावला नाही. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी खोलीत नव्हतेच ना."

"रोज नसायचीस?"

"दहा ते सव्वाअकरा. आजोबाच पाठवायचे. बांगडे आण, सौंदाळे आण, फ्रीजमधलं मला चालत नाही. हितूला सांगू नको म्हणायचे."

"रोज मासे?"

"सोमवारी दादरला फुलांना पाठवायचे. गुरुवारी परळ नाक्यावर शहाळ्याला. जवळचं शहाळं गोड नसतं म्हणे."

कौसल्या हसली, पण मनातल्या मनात टिपून ठेवलं. जिभेचे चोचले असलेला माणूस मासळीला पाठवतो हे ठीक. पण सोमवार-गुरुवार पाळणारा मालवणी माणूस त्या दिवशीही बाईला तेवढ्याच वेळेला घराबाहेर काढतो, तेव्हा त्याला मासळी नको असते, त्याला खोली रिकामी हवी असते.

कशासाठी, हे मात्र कळेना. दगडूभाऊंच्या जिवावर बेतेल असं या घरात काही नव्हतं. होती ती एक अट. कापसाची धूळ खाऊन खाऊन त्यांची फुप्फुसं पार पिंजून गेली होती. सहा महिन्यांपूर्वी हितेंद्रने घड्याळ आणलं आणि वडिलांना तीन मजल्यांचा जिना बंद केला. आकडा नव्वदच्या खाली दोनदा गेला, दोन्ही वेळा जिना चढून खोलीत पोचल्यावर. दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्याने सांगून टाकलं, "तिसऱ्यांदा गेला तर चाळ बंद. ऐरोलीला यायचं, चौदाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे." मुलगा वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस आकड्याला धरून बसतो.

दुपारी हितेंद्रची मुलगी सलोनी कॉलेजातून परस्पर आली. घड्याळ इस्पितळाने काढून तिच्याकडे दिलं होतं. कौसल्येने ते स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि बोटाला चिमटा लावला. दोन्हीकडे सत्त्याण्णव. मग सलोनीला बांधलं. दोन्हीकडे अठ्ठ्याण्णव.

"घड्याळ खोटं बोलत नाही," कौसल्या म्हणाली. "आकडे कुणी बदलू शकतं?"

"नाही हो आजी. पासवर्ड माझ्याकडे आहे, पण मलाही जमणार नाही." सलोनीने घड्याळ मनगटावरून सोडलं. "तुम्हाला माझ्यावर डाउट आहे?"

"मला सगळ्यांवर आहे. तुझ्यावर सगळ्यात कमी."

यंत्र चोख, आकडे चोख, आणि माणूस निळा. मग मंगळवारी अकरा वाजता ते घड्याळ होतं कुणाच्या हातात?

३

"सलोनी, समजा राधा हे घालून बाजारात गेली असती, तर?"

"तर आकडाच आला नसता. आजोबांना मोबाईल नको होता, म्हणून घड्याळ घरातल्या वायफायलाच जोडलंय. खोलीबाहेर गेलं की रेकॉर्डमध्ये रिकामी जागा पडते. ते दर अर्ध्या तासाने मोजतं. दहा, साडेदहा, अकरा, सगळे आकडे आहेत."

म्हणजे घड्याळ खोलीतच होतं. राधा बाजारात असेल तर ती सुटली. पण ती बाजारात होती हे सांगणार कोण? कौसल्येने चपला घातल्या.

लालबागचा बाजार तिला पाठ होता. मिरच्या, हळकुंडं, खडा मसाला यांच्या वासातून वाट काढत मासळीवाल्यांपाशी पोचायचं, तोवर दोन शिंका ठरलेल्या. पूर्वी याच रस्त्यावरून पहिल्या पाळीचा भोंगा वाजला की टोप्यांची आणि डब्यांची नदी वाहायची. त्या गर्दीत तिचा नवरा गंगाधर असे. अकरा वर्षं बदली कामगार. कुणी कायम माणूस गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभं राहायचं, नाहीतर फाटकावरून परत. परत आला तर न उघडलेला डबा घरीच दोघं मिळून खायची. काम नाही म्हणून तिला रडू यायचं आणि तो दुपारचा जेवायला घरी आहे म्हणून बरंही वाटायचं. मग संप झाला आणि तो कायम व्हायचा राहिला तो राहिलाच. आता भोंग्याच्या जागी काचेची इमारत आहे. भोंग्याची आठवण मात्र तिच्या कानातून जात नाही, आणि जावी असं तिला वाटतही नाही.

गंगुबाई कोळीण कोयता घासत होती. "राधा? सोमवार-गुरुवार सोडून रोज सव्वादहाला येते. काल पावणेअकरापर्यंत माझ्यासमोर उभी होती. अर्धा डझन बांगडे साफ करून देत होते तर म्हणते, जरा गप्पा मारू, मला लवकर जाऊन चालायचं नाही."

"लवकर जाऊन चालायचं नाही?"

"म्हातारा ओरडतो म्हणे लवकर आली तर. असा म्हातारा मी नाय बघितला, सिस्टर. बाई उशिरा आली म्हणून ओरडणारे बघितले."

राधा सुटली होती. पण तेवढ्याने हितेंद्र ऐकणार नव्हता. कोळणीच्या शब्दावर आणि वायफायच्या रिकाम्या जागेवर तो दुसऱ्या कुणाचं नाव मागणार होता, आणि ते नाव कौसल्येकडे नव्हतं.

४

ती परत आली तेव्हा सलोनी गॅलरीत फोन घेऊन बसली होती. तिने सगळ्या दिवसांचे आकडे काढून दाखवले. मंगळवार: साडेनऊला एक्याण्णव, दहाला सत्त्याण्णव, साडेदहाला सत्त्याण्णव, अकराला सत्त्याण्णव. सोमवारी तसंच. त्याआधीच्या शनिवारी तसंच. बारा दिवस मागे गेलं तरी तसंच, आणि साडेअकरा झाले की पुन्हा एक्याण्णव-नव्वद.

"पप्पा खूश असायचे," सलोनी म्हणाली. "म्हणायचे, सकाळी बाबा फ्रेश असतात."

"खराब झालेली छाती घड्याळ बघून सुधारत नाही गं." कौसल्येने चष्मा पुसला. "हे यंत्र आणखी काय मोजतं?"

"नाडी. पण ते दुसऱ्या पानावर आहे. तिथे कोणी जात नाही."

कौसल्येला हसू आलं. तिच्या पहिल्या वॉर्डातल्या मेट्रन एकच गोष्ट शिकवायच्या. तक्त्यावर सगळे ज्या रेघेकडे बघतात ती डॉक्टरांना बघू दे, तू बाकीच्या बघ.

सलोनीने पान उलटलं. साडेनऊला नाडी अठ्ठ्याण्णव. ठीक, श्वास अपुरा पडणाऱ्याचं काळीज धावतंच. मग दहा वाजता साठ. साडेदहाला साठ. अकराला साठ. सोमवारी दहाला साठ, साडेदहाला साठ, अकराला साठ. एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही.

कौसल्येने फोन खाली ठेवला आणि आत जाऊन कालचा रुमाल काढला. न धुतलेला, राखाडी डागाचा. तिने तो नाकाशी नेला. राख होती, कापराचा वास असलेली. अंगारा. आणि दगडूभाऊंच्या खोलीत धूर वर्ज्य म्हणून सहा महिने उदबत्तीसुद्धा लागली नव्हती.

ती मोरीच्या उंबऱ्यावर टेकली. तिला सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा आनंद अजिबात झाला नव्हता.

५

सातव्या खोलीचं दार उघडंच होतं. रामदास चहाचा कप समोर ठेवून बसला होता. वर साय धरली होती.

"रामदासभाऊ, हात द्या."

त्याने मुकाट्याने हात पुढे केला. कौसल्येने तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिट मोजलं. "साठ. शांत बसलात की तुमचं मशीन साठच ठोके देतं. माणसाची नाडी वरखाली नाचते. बारा दिवस एक ठोका इकडेतिकडे न होणारी नाडी या मजल्यावर फक्त एकाची आहे."

रामदासने हात मागे घेतला नाही.

"आणि दगडूभाऊंच्या कपाळावर अंगारा होता. तो त्यांच्या गावकीच्या खोलीतला. समोरच्या चाळीच्या तळमजल्यावर. त्यांच्या गावची माणसं जमतात तिथे, गावच्या देवीचा फोटो आहे. म्हणजे ते रोज तीन जिने उतरत होते आणि चढत होते. घड्याळ तुमच्या हातात देऊन."

"बदली," रामदास म्हणाला.

मग तो बोलत राहिला. त्यांच्या गिरणीत प्रत्येकाचा पितळी बिल्ला असे. फाटकाच्या खिडकीत बिल्ला पडला की माणूस हजर, नाही पडला तर खाडा. जोडीदाराला उशीर झाला तर त्याचा बिल्ला आपण टाकायचा, त्याचे माग आपण सांभाळायचे. त्यात कुणाला लबाडी वाटत नसे, उलट जो टाकणार नाही त्याच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. दगडूने एके दिवशी मनगट पुढे केलं आणि म्हटलं, हो हितूचो बिल्लो. एक तास टाक.

"आम्हाला वाटलं, हजेरी तर द्यायचीय. हजेरी दिली की मालक गप."

"हा बिल्ला नव्हता हो, रामदासभाऊ."

"आता कळतंय." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "गावकीच्या खोलीत तीन म्हातारे उरलेत. सोळाव्या वर्षी मुंबईत आला तेव्हा दगडू तिथेच पाळीपाळीने झोपायचा, एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. मी म्हटलं त्याला, मरशील जिन्यात. तर म्हणतो कसा, थंय माका कोण आकडो विचारणा नाय. मंगळवारी तो वर आला तो धापा टाकत. आधी घड्याळ बांध म्हणाला. मी बांधलं. राधा येईल, तू जा म्हणाला. मी गेलो, कौसल्या. त्याला तसा बसवून गेलो."

कौसल्येला त्याचा राग यायला हवा होता. तिला गंगाधर आठवला. तो असता तर त्यानेही हेच केलं असतं, कुठलाही प्रश्न न विचारता.

"उद्या पाचच्या आत हे सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांगितलं की हितू त्याला ऐरोलीला नेणार. मी शब्द दिलाय त्याला."

"आणि राधा?"

रामदासने चहाचा कप दूर सारला. खाली कुणीतरी कांडपाच्या मिरच्या उतरवत होतं, त्याचा खकाणा वर येत होता. दोघंही खोकले.

६

गुरुवारी चार वाजता इस्पितळात भेटीची वेळ सुरू झाली. दगडूभाऊंच्या खाटेपाशी हितेंद्र आणि सलोनी होते. राधा दाराबाहेर बाकावर बसली होती, कौसल्येने तिला बोलावून घेतलं होतं. पाच वाजायला तासभर उरला होता.

कौसल्येने आधी गंगुबाईचं सांगितलं, मग वायफायचं. हितेंद्र अपेक्षेप्रमाणे म्हणाला, "ठीक आहे. मग कोणाच्या हातात होतं?"

तिने सलोनीला दुसरं पान काढायला लावलं. हितेंद्र साठ-साठ-साठ असं वाचत गेला आणि त्याचा आवाज हळू होत गेला. तेवढ्यात रामदास पुढे झाला. त्याने सदऱ्याचं वरचं बटण काढून गळ्याखालचा व्रण दाखवला. "हितू, ती माझी नाडी आहे."

"काका, तुम्ही? बाबांना मारायला निघाला होतात?"

"तू जन्मलास तेव्हा तुझी आई चार दिवस अडली होती," रामदास म्हणाला. "दगडू इस्पितळाच्या पायरीवर बसून होता. त्याला रजा नव्हती. चार दिवस त्याचा बिल्ला मी टाकला आणि त्याचे दोन, माझे दोन, असे चार माग चालवले. तेव्हा कोणी म्हणालं नाही की चुकलास. त्यामुळे या वेळी चुकतोय हे मला समजलंच नाही रे."

हितेंद्रने वडिलांकडे पाहिलं. दगडूभाऊ जागे होते आणि सगळं ऐकत होते. त्यांनी हाताने मास्क बाजूला केला. वॉर्डातली सिस्टर ओरडेल म्हणून कौसल्येने तो धरला, पण परत लावला नाही.

"हितू," दगडूभाऊ एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलले, "खाडो माझो. तो तिच्या नावावर मांडू नको. राधान कायएक केल्यान नाय." त्यांनी श्वास घेतला. "मी येतंय ऐरोलीक."

"बाबा, मला सांगायचं होतंत ना."

"सांगलं असतंय तर तू सोडलं असतंस?"

हितेंद्रने खोटं बोलायचं टाळलं. त्याने मास्क वडिलांच्या तोंडावर नीट बसवला, पट्टा सरळ केला आणि बाहेर गेला. राधा बाकावरून उठून उभी राहिली. त्याने हात जोडले. "राधाताई, चुकलं माझं. ब्युरोला मी फोन करतो, पण तुमच्या चांगल्या कामाचा. आणि जमत असेल तर ऐरोलीला पण तुम्हीच या."

"लांब पडेल दादा, मुली आहेत," राधा म्हणाली. ती पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत होती. "आजोबांना सोमवारी-गुरुवारी मासे देऊ नका. बाकी सगळं ते खातात."

७

इस्पितळातून सुटल्यावर दगडूभाऊंना सामान आवरायला दोन दिवस खुर्चीतूनच खोलीवर आणलं होतं; पुढच्या रविवारी चौघांनी त्यांना तसंच खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. मागे ऑक्सिजनचं छोटं नळकांडं घेऊन हितेंद्र. खाली टॅक्सी उभी होती. हितेंद्रने ड्रायव्हरला तासभर थांबायला सांगितलं आणि खुर्ची समोरच्या चाळीकडे वळवली.

गावकीच्या खोलीत तिघे म्हातारे सकाळपासून दाढी करून बसले होते. त्यांनी हितेंद्रलाही चटईवर बसवलं, पाच वर्षांचा असताना बसवायचे तसंच, आणि दगडूचो झील म्हणून त्याच्या हातात लाडू ठेवला. घड्याळ आता त्याच्या फोनला जोडलं होतं; तो खिशात एकदा थरथरला. त्याने तो काढला, बघितला, नळकांड्याची कळ थोडी फिरवली आणि परत ठेवला. आकडा कुणाला सांगितला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणीन, एवढं म्हणाला. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आपल्या वयात महिना केवढा असतो, हे त्यांनी त्याला ऐकवलं नाही.

टॅक्सी वळली आणि कौसल्या जिना चढून वर आली. परबांच्या दाराला कुलूप होतं. पन्नास वर्षांचा शेजार तिने आपल्या हाताने उठवला होता. पुन्हा वेळ आली असती तर तिने पुन्हा हेच केलं असतं, आणि त्याने तिला काडीचं बरं वाटत नव्हतं.

रामदास त्या कुलपासमोर उभा होता. मनगट चोळत.

"कौसल्या, उद्यापासून दहा वाजता मी काय करू गं?"

ती त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली आणि त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवून ठोके मोजू लागली.